आगपेटीएवढ्या जागेवर चालणारी सायकल

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनो, तुमचा पाऊस दसऱ्याच्या आसपास आवरतं घेतो आणि आमचा तेव्हा कुठे सुरू होतो. वेस्ट मांबलममध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर हे खरे पावसाळ्याचे महिने. ईशान्येकडून येणारा हा पाऊस रोज थोडा थोडा पडत नाही. चार दिवस कोरडे जातात आणि पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं की गल्लीत घोट्याएवढं पाणी. इथल्या एका मोठ्या रस्त्याचं नावच लेक व्ह्यू रोड आहे. त्या नावातला तलाव बुजवून वस्ती झाली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण जोराचा पाऊस झाला की पाणी आपली जुनी जागा शोधत येतं. टी. नगरकडे जाणारा दुरैसामी सबवे तर अशा दिवशी पाण्याने भरून बंदच करावा लागतो.

तुम्ही मे महिन्यात छत्र्या-रेनकोट काढता, तसं आम्ही सप्टेंबरात काढतो. आणि त्याच वेळी दारात उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर बघायला हवेत, म्हणून या वेळच्या सदरात टायर. मुलाची सायकल, घरातली स्कूटर आणि गच्चीत पडलेला जुना टायर, तिन्हींबद्दल बोलू. तिसऱ्याबद्दल जरा जास्तच बोलायचं आहे.

आधी एक छोटा हिशेब. साधी काळी सायकल साधारण 20 किलोची असते. तिच्यावर 60 किलोचा माणूस बसला की एकूण 80 किलो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, समजा 48 किलो, मागच्या चाकावर येतं. टायरमध्ये 50 पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब असेल, तर टायर जमिनीला किती टेकेल? 48 भागिले साडेतीन, म्हणजे जेमतेम 14 चौरस सेंटिमीटर. आगपेटीची वरची बाजू याहून मोठी असते. तुमचा मुलगा शाळेतून येतो तो दोन चाकांखालच्या अशा दोन आगपेट्यांएवढ्या जागेवर तोल सांभाळत येतो. स्कूटरवर दोघं बसले असतील तर मागच्या चाकाखाली हाच हिशेब साधारण 55 ते 60 चौरस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे बोटं सोडून नुसत्या तळहाताहूनही थोडा कमी. ब्रेक दाबणं, वळणं, खड्डा चुकवणं, सगळं या एवढ्याशा रबरावर अवलंबून.

या हिशेबातून हवेचं महत्त्वही कळतं. हवा निम्मी झाली की टेकणारी जागा दुप्पट होते. ऐकायला बरं वाटतं, जास्त जागा म्हणजे जास्त पकड. पण तसं होत नाही. टायरच्या दोन्ही बाजू प्रत्येक फेऱ्याला दबतात, उलगडतात, पुन्हा दबतात. त्यात रबर तापतं, बाजूंना बारीक चिरा पडतात, गाडी वळताना डुलते आणि पाय किंवा पेट्रोल, जे काही खर्च होत असेल ते जास्त खर्च होतं. सायकलच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. कमी हवेची सायकल खड्ड्यात आदळली की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाने दंश केल्यासारखी. पंक्चर काढताना अशी जोडभोकं दिसली तर खिळा शोधत बसू नका. दोष हवेचा.

हवा किती भरायची हे टायरवरच लिहिलेलं असतं असा एक समज आहे. सायकलच्या बाबतीत तो बरोबर आहे. बाजूवर आकडे असतात. स्कूटर, मोटरसायकल आणि कारच्या टायरवर मात्र जो मोठा आकडा असतो तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तुमच्या गाडीला हवा असलेला दाब गाडीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. 110 सीसीच्या स्कूटरांमध्ये पुढे 22, मागे एकट्यासाठी 29 आणि मागे कुणी बसणार असेल तर 36 असे आकडे आढळतात. तुमच्या गाडीचे काय आहेत ते आज बघून घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोघांसाठीचा आकडा वेगळा असतो हे किती जणांना माहीत असतं? बायको, मुलगी आणि भाजीची पिशवी घेऊन निघणारी स्कूटर एकट्याच्या हवेवर चालत असते आणि मागचा टायर दोन वर्षांत का गेला म्हणून कंपनीला बोल लावले जातात.

हवा भरायची ती गाडी फार चालवून झाल्यावर नव्हे. टायर तापलेला असला की आतली हवा फुगते आणि काटा जास्त दाखवतो. सकाळी घराजवळच्या पंपावर जा. पंपावर हवा मोफत असते, ती मागायला संकोच करू नका. चेन्नईत नवीन आलेल्या मराठी घरांसाठी एवढं तमिळ पुरे: हवेला बोलताना ‘कात्तु’ म्हणतात, पुढच्याला ‘मुन्नाडी’ आणि मागच्याला ‘पिन्नाडी’. आकडा बोटांवर दाखवला तरी चालतो. न सांगता उभे राहिलात तर दोन्ही चाकांत सारखीच हवा भरली जाण्याची शक्यता जास्त. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे का असंही विचारलं जातं. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी एकदा साधी हवा तपासणारा माणूस नायट्रोजन भरून सहा महिने विसरणाऱ्यापेक्षा नक्की सुखी.

आता सायकल. तमिळनाडूत सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना सरकारकडून सायकल मिळते, त्यामुळे इथे घराघरांत सायकल आहे. बारावी झाली की ती जिन्याखाली जाते. वर्षभराने धाकटं भावंड ती बाहेर काढतं तेव्हा दोन्ही चाकं बसलेली असतात आणि घरचे म्हणतात, टायर-ट्यूब दोन्ही बदला. थांबा. उभी राहिलेली सायकल पंक्चर असतेच असं नाही. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते, जिला सायकलवाले वालट्यूब म्हणतात. हवा आत जाऊ देणं आणि बाहेर न सोडणं हे सगळं काम ती नळी करते. उन्हाने, वयाने ती चिकट होते, फाटते. ती अगदी किरकोळ पैशांत मिळते. ती बदला, हवा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी चाक कडक असेल तर तुमचा मोठा खर्च वाचला. नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने पाण्याचा थेंब लावा. बुडबुडे येत असतील तर गळती तिथेच आहे; येत नसतील तर ट्यूब बाहेर काढावी लागेल.

घरी पंक्चर काढणं हे दहा वर्षांपुढच्या मुलांना शिकवण्यासारखं काम आहे, आणि मुलींना तर जरूर शिकवा. आमच्या पिढीत मुलींनी घमेल्याजवळ बसायचं नाही असा अलिखित नियम होता, त्याचं कारण मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिममधून एका बाजूने काढायची आहे, दोन्ही नाही. त्यासाठी सायकलच्या दुकानात चपट्या पट्ट्या मिळतात. स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर एका पंक्चरची दोन होतील. व्हॉल्व्हची चकती सोडवून ट्यूब ओढून घ्या, थोडी हवा भरा आणि पाण्याच्या बादलीत थोडी थोडी बुडवत फिरवा. बुडबुडे दिसले की तिथे बॉलपेनने खूण करा. ट्यूब पुसून कोरडी करा आणि खुणेभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासा, चकाकी जाईपर्यंत. मग सोल्यूशनचा पातळ हात ठिगळाच्या आकाराहून थोडा मोठा. आणि इथे थांबायचं. बहुतेकांचं ठिगळ सुटतं ते इथल्या घाईमुळे. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ लावायचं नसतं. ते सुकून बोटाला जेमतेम चिकटेल असं झालं की लावायचं आणि जोरात दाबायचं. पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो.

चहा पिता पिता सगळ्यांत महत्त्वाचं काम करायचं: टायरच्या आतून जुन्या कापडाचा बोळा हळू हळू फिरवायचा. काटा, तार, काचेचा कण जे काही घुसलं असेल तिथे कापड अडकेल. नुसतं बोट फिरवू नका, रक्त निघेल. हे न करता ट्यूब परत घातली की तोच काटा दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचतो आणि मग आपण ठिगळाला नावं ठेवतो. रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी पट्टी असते, ती सरकली असेल तर जागेवर आणा. ट्यूबला आतल्या बाजूने, रिमकडे, भोक पडलं असेल तर कारण बहुधा ही पट्टीच. ठिगळावर थोडी टाल्कम पावडर शिंपडा. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून ती आत बसवा, टायरची कड हातानेच चढवत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पाहा, म्हणजे कडेखाली ट्यूब अडकली असेल तर सुटेल. व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर गेली असेल किंवा ट्यूब लांब फाटली असेल तर ठिगळाचा नाद सोडा, नवी ट्यूब आणा.

टायर बदलायची वेळ कधी येते? सायकलच्या टायरची नक्षी झिजली म्हणून घाबरायचं कारण नाही. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, तो डांबरावरचं पाणी सहज बाजूला सारतो. शर्यतीच्या सायकलींचे टायर तर मुळातच गुळगुळीत असतात. पण रबर झिजून आतला धागा दिसू लागला, बाजूला फुगवटा आला किंवा चिरा एवढ्या खोल गेल्या की टायर दाबल्यावर आतलं कापड दिसतं, तर त्याच दिवशी बदला.

आणि बदलताना आकार नीट बघा, कारण इथे चांगले चांगले फसतात. तुम्ही दुकानात जाऊन ‘26 चा टायर’ मागता. 26 चे टायर अनेक प्रकारचे आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. गिअरवाल्या जाड टायरच्या सायकलचा 26 वेगळा आणि पुढे बास्केट असलेल्या साध्या लेडीज सायकलचा 26 वेगळा. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत आडव्या रेघेने जोडलेले दोन आकडे असतात: पहिल्यावर 54-559, दुसऱ्यावर 37-590. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. रुंदीत थोडा फरक चालतो. आजोबांच्या काळ्या सायकलचा 28 म्हणजे 635 आणि हल्लीच्या हायब्रिड सायकलींचा 28 म्हणजे 622. वाचता येत नसेल तर जुना टायर खांद्याला अडकवून दुकानात जा. मद्रासच्या सायकल दुकानांत तसं जाण्यात काही वावगं नाही. सायकली आणि टायर दोन्ही या शहराच्या अंगवळणी पडलेले आहेत. हर्क्युलिस आणि बीएसए सायकली बनवणारी टीआय सायकल्स 1949 ची, तिचा कारखाना अंबत्तूरचा. एमआरएफमधला पहिला एम मद्रासचाच. 1946 मध्ये तिरुवोट्टियूरच्या एका शेडमध्ये के. एम. मॅम्मेन माप्पिल्लै यांनी खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली, तिथून ही कंपनी टायरपर्यंत आली. फुग्यापासून टायरपर्यंत म्हणजे एका अर्थी हवेतच राहिली.

स्कूटरच्या टायरचा नियम वेगळा, तिथे नक्षीला फार किंमत आहे. वेग जास्त, टायर रुंद आणि रस्त्यावर पाणी. खाचांतून ते पाणी निघून गेलं नाही तर रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच जाते. दुचाकी आणि रिक्षांच्या टायरच्या खाचा 0.8 मिलिमीटरहून कमी नसाव्यात आणि कारच्या 1.6 मिलिमीटरहून कमी नसाव्यात असा आपल्याकडे कायदा आहे. 0.8 मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड जवळपास तेवढंच जाड असतं. कार्ड खाचेत उभं धरून अंदाज घ्या. किंवा टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ वर खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. माझं मत विचाराल तर चेन्नईत तेवढी वाट पाहू नका. ऑक्टोबरमध्ये दोन कार्डांपेक्षा कमी खोली उरलेली असेल तर बदलून टाका. उन्हाळ्यात तोच टायर कदाचित आणखी काही महिने चालला असता, पण पाण्याखाली झाकलेल्या खड्ड्याला हे माहीत नसतं.

टायरचं वयही बघायला शिका. बाजूवर इंग्रजी डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. नवा टायर घेताना हे आकडे दुकानदारासमोर वाचा. दोन-तीन वर्षं दुकानातच पडून असलेला टायर नव्याच्या भावात कशाला घ्यायचा? कमी फिरणाऱ्या गाड्यांबाबत तर हे फार महत्त्वाचं. निवृत्त आजोबांची स्कूटर वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाही, नक्षी नव्यासारखी दिसते, पण आठ वर्षांच्या उन्हाने रबर लाकडासारखं टणक झालेलं असतं. टणक रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. पट्ट्या रंगवलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर ते सर्वांत आधी कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. टायर बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेही बघा. ट्यूबलेस टायरच्या नक्षीच्या भागातलं पंक्चर काढता येतं. बाजूला भोक पडलं असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी ते काढून घेऊ नका, टायर बदला.

टायर बदलला. जुना कुठे गेला?

‘राहू दे, कामाला येईल’ म्हणून तो गच्चीत गेला असेल, तर कृपा करून हे वाचून झाल्यावर वर जाऊन या. वेस्ट मांबलम आणि डास ही जोडी चेन्नईच्या विनोदांत फार जुनी आहे, पण गटारातला डास आणि डेंग्यूचा डास एक नव्हे. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेलं पाणी शोधतो, आणि टायरसारखं घर त्याला दुसरं मिळत नाही. टायर आडवा ठेवा, उभा ठेवा, भिंतीला टेकवा. त्याच्या पोटात पाणी राहतंच. आत अंधार असतो, रबर काळं असल्याने ऊब असते. मादी पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी काही महिने तग धरतात आणि पुढच्या पावसात फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी ओतून दिलं तरी टायर निर्धोक होत नाही. आतली कड ब्रशने घासावी लागते. जुने टायर डासांना समुद्रापलीकडेही नेतात. 1985 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला आशियातल्या पट्टेरी डासाची वस्ती आढळली. ती आशियातून जहाजाने आलेल्या वापरलेल्या टायरांतून पोहोचली असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. तिथून तो डास अमेरिकेत बराच पसरला. आपल्या गच्चीतला टायर तर शेजारच्या गच्चीपासून दहा फुटांवर असतो.

ज्यांनी गच्ची साफ केली, त्यांच्यापुढे जानेवारीत दुसरा मोह येतो. आपल्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, वांगी, पावटे, हरभऱ्याची मिसळीची भाजी. इथे पोंगलच्या आदल्या दिवशीची भोगी म्हणजे घरातलं जुनं-पानं पहाटे दारात जाळायचं. पूर्वी त्यात गवत, चटया, जुन्या टोपल्या असत. मग टायर आणि प्लास्टिक आलं. लहान मुलं ढोल वाजवत शेकोटीभोवती उभी राहतात, दृश्य गोड असतं, पण जळत्या टायरचा काळा धूर त्याच मुलांच्या छातीत जातो. 13 जानेवारी 2018 च्या भोगीला धूर आणि धुकं मिळून चेन्नई विमानतळावर इतकं कमी दिसत होतं की विमानं तासन् तास खोळंबली आणि काही दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळ दर वर्षी टायर जाळू नका म्हणून विनवतं. इथल्या मराठी घरांनी शेजाऱ्यांच्या भोगीला नावं ठेवू नयेत, पण आपला टायर त्या ढिगात देऊही नये. शेजारच्या मामींनी मागितलाच तर टायरऐवजी जुनं सूप द्या आणि वर डबाभर भोगीची भाजी द्या.

टायर टाकायची सर्वांत सोपी जागा म्हणजे जिथे नवा घेतला ते दुकान. 2022 पासून टायर बनवणाऱ्यांवर टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमाने टाकलेली आहे, त्यामुळे जुन्या टायरला आता वाट आहे. दुकानात ठेवून येणं जमलं नाही तर भंगारवाल्याला द्या. इथे त्याच्या दुकानाला ‘कायलान कडै’ म्हणतात, आणि जवळच कुठेतरी ते असतंच. मुलांना झोपाळा करायचा असेल, कुंडी करायची असेल तर जरूर करा, पण आधी टायरच्या तळाला लांबच्या लांब चार-पाच भोकं पाडून घ्या. ती भोकं मातीने बुजतात, म्हणून दर रविवारी काडी घालून मोकळी करा. आणि सायकलचा जुना टायर काठीने गल्लीभर पळवणारं एखादं पोर अजून तुमच्याकडे असेल, तर खेळून झाल्यावर टायर छपराखाली टांगून ठेवायला सांगा.